दात पडले चार वर्षांपूर्वी, मग हाड गेलं कुठं?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी ऐन पावसात मोटारसायकल घसरली आणि माझे वरचे पटाशीचे दोन्ही दात पडले. तेव्हा घाईघाईत काढायचे-घालायचे दात करून घेतले. आता येत्या वैशाखात मुलीचं लग्न आहे, म्हणून पक्के दात बसवायचं ठरवून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘स्क्रू बसवायला हाडच उरलेलं नाही. आधी हाड भरू, सहा महिने थांबू, मग स्क्रू, मग पुन्हा थांबू आणि मग दात.’ आमच्या शेजाऱ्यांची खालची दाढ तर तीन महिन्यांत बसली, तीही हाडबीड काही न भरता. तर माझ्या शंका अशा : माझं हाड गेलं कुठं? भरणार ते कुणाचं? (आई माळकरी आहे. ‘कसलं हाड तोंडात घालून घेतोस?’ असं तिनं आत्ताच विचारून ठेवलं आहे.) आणि हा बिल वाढवायचा प्रकार तर नाही ना? वय ५२. साखर आहे, पण गोळी चालू आहे. तंबाखू अगदी थोडी.
— एक वाचक, सातारा

उत्तर : पत्रात तीन शंका आहेत आणि शेवटच्या ओळीत हळूच सरकवलेल्या दोन कबुल्या. कबुल्यांचा समाचार मागाहून घेऊ. आधी हाड कुठं गेलं ते शोधू, कारण तेवढं सापडलं की बाकीच्या गाठी आपोआप सैल होतात.

जबडा म्हणजे भिंत आणि दात म्हणजे तिच्यात ठोकलेले खिळे, असं एक चित्र बहुतेकांच्या मनात असतं. खिळा निघाला तरी भिंत जागेवर राहते, मग दात पडला म्हणून हाड का जावं? पण जबड्याच्या ज्या कडेत दात उभे असतात, ती हाडाची कड दातांबरोबर वाढते आणि दात गेले की ओसरते. काही थोड्या माणसांना जन्मतःच दात येत नाहीत. त्यांच्यात ही कड धड तयारच होत नाही. दुसऱ्या टोकाला आपली आजी. सगळे दात गेल्यावर तिची हनुवटी नाकाच्या भेटीला निघालेली दिसते, कारण दातांपाठोपाठ त्यांच्याखालचं हाडही झिजलेलं असतं. शेताचा बांध पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. बांधावरचं झाड मुळासकट उपटलं की त्या जागची माती दोन पावसाळ्यांत वाहून जाते. ती कुणी चोरलेली नसते, तिला धरून ठेवणारं मूळ गेलेलं असतं.

हे घडतं कसं, ते थोडं जवळून पाहू. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. दोघांच्या मध्ये बारीक धाग्यांचं एक अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. घास चावला की हे धागे ताणले जातात आणि ‘आपलं काम चालू आहे’ असा निरोप हाडाला दिवसभर मिळत राहतो. याच अस्तरातल्या रक्तवाहिन्या आतल्या बाजूनं हाडाला रक्त पोचवतात. दात गेला की अस्तर गेलं, ताण थांबला आणि आतला रक्तपुरवठाही तुटला. शरीर मोठं काटकसरी. ज्या हाडाला काम नाही, ते विरघळवून त्यातलं कॅल्शियम ते परत खात्यात जमा करून घेतं. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी साधारण निम्म्यावर येते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. तुमची तर चार वर्षं उलटली आहेत.

त्यात पुढच्या दातांची गोष्ट आणखी नाजूक. आरशासमोर उभे राहा, वरचा ओठ उचला आणि सुळ्याच्या वरच्या हिरडीवरून बोट फिरवा. मुळाचा उंचवटा बोटाला लागेल. तो इतका स्पष्ट लागतो, कारण मूळ आणि बोट यांच्यामध्ये हिरडीखेरीज फक्त पापुद्र्याएवढं हाड असतं. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला ते बहुतेकांत एक मिलिमीटरही जाड नसतं. दात नुसता पडला तरी हा पापुद्रा सर्वांत आधी विरतो. आणि अपघातात तो अनेकदा दाताबरोबरच तुटतो. त्यावर चार वर्षं हिरडीवर टेकणारे दात वापरले, म्हणजे उरलेल्या हाडावर रोज दाब. तुमचं हाड कुठं गेलं त्याचं उत्तर हे असं आहे : काही रस्त्यावर, बरंचसं तुमच्याच रक्तात.

तुमच्या कामाची नाही, पण इतरांच्या कामाची एक गोष्ट इथंच सांगून टाकावी. मार लागून पक्का दात अख्खा बाहेर पडला, तर तो शोधा, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू तर मुळीच नका. माती लागली असेल तर क्षणभर धुवा आणि जमलं तर तिथल्या तिथं खाचेत परत बसवा. नाही जमलं तर दुधाच्या पेल्यात टाकून डॉक्टर गाठा, होईल तितक्या लवकर, अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर उत्तमच. मुळावरच्या अस्तराच्या पेशी कोरड्या हवेत भराभर मरतात आणि दुधात काही काळ तग धरतात. हे फक्त पक्क्या दातांसाठी. दुधाचा दात परत बसवत नाहीत.

आता शेजाऱ्यांची दाढ. खालच्या दाढांच्या जागी हाड रुंद आणि दणकट असतं. थोडं झिजलं तरी स्क्रूपुरतं उरतं. आणि दुसरं म्हणजे तिथं कोण पाहतंय? दाढेला फक्त चावायचं असतं. पटाशीच्या दाताला चावायचं असतं, हसायचं असतं आणि बोलायचंही असतं. फोनमधला फ उच्चारायला वरचे दात खालच्या ओठावर टेकवावे लागतात आणि स म्हणताना वारा याच दातांशी घासून जातो. शेजाऱ्यांच्या दाढेशी तुलना केल्यामुळे तुमच्या डॉक्टरांवर थोडा अन्याय होतो आहे.

जरा हिशेब मांडू. पुढच्या दातासाठी वापरायचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर जाड असतो. त्याच्या ओठाकडच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर हाड हवं, नाहीतर ते पुढं झिजतं आणि हिरडी वर सरकते. टाळूच्या बाजूला किमान एक मिलिमीटर. म्हणजे झाली सहा-सात मिलिमीटरची रुंदी. स्कॅनमध्ये पाच-साडेपाच दिसली तर स्क्रू बसवता बसवताच शेजारी हाड भरून घेता येतं. तीन-चारच उरली असेल तर आधी हाड, मग स्क्रू.

‘मग जिथं हाड आहे तिथं, थोडा मागं, थोडा तिरका बसवा की,’ असं कुणीही म्हणेल. एके काळी तसं होतही असे. स्क्रू हाडात पक्का बसतो, पण त्यावरचा दात लांबुडका होतो किंवा टाळूकडं सरकतो आणि पातळ हिरडीतून धातूची करडी सावली दिसत राहते. आता काम उलट्या दिशेनं करतात. आधी दात कुठं दिसायला हवा ते ठरतं, त्यावरून स्क्रूची जागा ठरते आणि तिथं हाड नसेल तर ते तयार केलं जातं.

हिरडीचा प्रश्न याहून अवघड. दोन दातांच्या मध्ये हिरडीचा जो गुलाबी त्रिकोण असतो, तो खालच्या हाडाच्या आधारानं उभा असतो. दात एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून हाड पाच मिलिमीटरच्या आत असेल तर खऱ्या दातांमधला हा त्रिकोण भरलेला राहतो. त्याहून खोल गेलं की तिथं काळी फट दिसू लागते. दोन इम्प्लांट शेजारी शेजारी असले की हा त्रिकोण टिकवणं आणखी कठीण, आणि तुमचे तर नेमके मधलेच दोन गेले आहेत. डॉक्टर वेळ मागतात तो मुख्यतः यासाठी. माझं मत विचाराल तर पुढच्या इम्प्लांटमध्ये स्क्रू हा सोपा भाग आहे. कस लागतो तो हिरडीपाशी.

अर्थात हसताना तुमचा ओठ किती वर जातो, त्यावरही बरंच काही अवलंबून आहे. काहींच्या हसण्यात हिरडी दिसतच नाही. तुम्ही साताऱ्याचे, तेव्हा भरघोस मिशी असण्याचीही शक्यता धरतो. अशा माणसाला सगळी हिरडी हाडासकट नव्यानं उभी करण्याऐवजी दातांनाच वरच्या बाजूला हिरडीच्या रंगाचा गुलाबी चिनी मातीचा काठ लावून काम भागू शकतं. हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

आता आईंचा प्रश्न, जो मला या पत्रात सर्वांत रास्त वाटतो. भरायचं हाड चार प्रकारचं असतं. पहिलं तुमचं स्वतःचं. हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून चकती काढून, ती बारीक स्क्रूंनी नव्या जागी बसवतात. झीज फार असेल तर हे अजूनही भरवशाचं, पण जखमा दोन होतात. दुसरं, दान केलेलं मानवी हाड. ते शुद्ध आणि निर्जंतुक करून ऊतिपेढीतून येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी पेढी आहे, तिथं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तिसरं जनावराचं, बहुतेक वेळा गाईबैलांचं. त्यातलं मांस, चरबी, प्रथिनं सगळं काढून टाकलेलं असतं आणि फक्त खनिजाचे रवाळ कण उरतात. चौथं पूर्ण कृत्रिम, प्रयोगशाळेत बनवलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचं.

जगभर तिसरा प्रकार भरपूर वापरला जातो, म्हणून आईंची शंका पोकळ नाही. आणखी एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसेल. भरलेल्या हाडावर जो पातळ पडदा घालतात तो कोलॅजनचा असतो आणि ते कोलॅजन डुकराचं किंवा गुराचं असू शकतं. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी स्पष्ट सांगावं. खुर्चीत तोंड उघडल्यावर सांगता येत नाही. कृत्रिम कण आणि कृत्रिम पडदा मिळतो, किंवा स्वतःचं हाड वापरता येतं. माळ घालणाऱ्यानं हे विचारलं तर कुठल्याही समजूतदार डॉक्टरला नवल वाटत नाही.

मात्र एक गैरसमज काढायला हवा. भरलेले कण म्हणजेच तुमचं नवं हाड, असं नाही. द्राक्षाच्या वेलीला मांडव घालतात तसे ते असतात. आसपासच्या तुमच्याच हाडातून रक्तवाहिन्या आणि पेशी त्यांच्यावर चढत जातात आणि नवं हाड तुमचं स्वतःचं बनतं. मांडवाचे काही कण हळूहळू विरतात, जनावराच्या हाडाचे कण तर वर्षानुवर्षं नव्या हाडाच्या कुशीत तसेच राहतात. पडद्याचं काम कुंपणाचं. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा फार चपळ असतात. मोकळी जागा दिसली की त्याच आधी घुसतात, आणि मग तिथं हाडाऐवजी मऊ मांस भरतं. पडदा त्यांना काही आठवडे बाहेर थोपवून धरतो, तेवढ्यात संथ चालीच्या हाडपेशी आपलं बस्तान बसवतात. हे व्हायला चार ते सहा महिने लागतात. डॉक्टर थांबायला सांगतात ते याचसाठी.

मग स्क्रू बसवल्यावर पुन्हा थांबायचं कशाला? इथं एका सशाची गोष्ट सांगावी लागते. १९५० च्या दशकात स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. काम संपल्यावर उपकरण काढायला गेले तर ते निघेना. हाड त्याला इतकं बिलगलं होतं. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. शरीराची गाठ पडते ती या थराशी, आणि हाडाला तो परका वाटत नाही. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली योस्ता लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन यांना जन्मापासून जबड्याचं व्यंग होतं आणि खाली दात नव्हते. २००६ मध्ये ते वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते दात त्यांच्या कामी आले.

हे बिलगणं एका दिवसाचं नाही. स्क्रू बसवल्या दिवशी घट्ट असतो तो नुसत्या पिळाच्या जोरावर. पुढच्या काही आठवड्यांत शरीर त्याच्याभोवतीचं दुखावलेलं जुनं हाड काढून टाकतं आणि नवं अजून पुरतं आलेलं नसतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड उलट किंचित ढिली होते. या काळात त्याच्यावर जोर पडून तो सूक्ष्म हालत राहिला, तर भोवती हाडाऐवजी धागेदार ऊती तयार होते आणि सगळा खटाटोप फुकट जातो. वरच्या जबड्यात यासाठी तीन ते सहा महिने धरतात. ‘एका दिवसात दात’ अशा जाहिराती खोट्या असतात असं नाही. हाड भरपूर आणि स्क्रू घट्ट असेल तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो. फक्त तुमच्यासारख्यांसाठी त्या जाहिराती नाहीत.

आता कबुल्या. साखर ही अडचण नाही, बेफाम साखर ही अडचण. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. आकडा सातच्या आसपास असेल तर काळजी थोडी. नऊ-दहा असेल तर आधी तो खाली आणा, कारण जखम भरणं आणि जंतूंना तोंड देणं दोन्ही मंदावतं. गोळी चालू आहे म्हणजे साखर आटोक्यात आहे, असं होत नाही. आणि ‘अगदी थोडी’ तंबाखू. ती किती याचं माप आजवर कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि आपला मांडव तर रक्तवाहिन्यांच्याच भरवशावर घातलेला. हाड भरण्याआधी काही आठवडे आणि नंतर निदान काही महिने ती बंद ठेवा. चुना लावून ओठात धरायची सवय असेल तर ती नेमकी शस्त्रक्रियेच्या जागेवरच बसते. घरात कुणी मिश्री लावत असेल तर त्यांनाही हेच लागू.

ज्यांना हाडं ठिसूळ होण्यावरची किंवा कर्करोगावरची काही औषधं चालू आहेत, त्यांनी ती डॉक्टरांना न विसरता सांगावीत. त्यातल्या काहींमुळे जबड्याची जखम भरत नाही. वयाची वरची मर्यादा नाही, खालची आहे. वाढत्या मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत. बाकीचे दात जबड्याबरोबर खाली सरकतात आणि हा आपला वरच अडकून राहतो.

उरलेल्या समजुती भराभर. शरीर इम्प्लांट ‘नाकारतं’ का? मूत्रपिंडाच्या बाबतीत होतं तसं नाही. फसतो तो जंतूंमुळे, हालल्यामुळे किंवा तंबाखूमुळे, आणि एरवी शंभरातले नव्वदाहून अधिक दहा वर्षांनंतरही टिकलेले असतात. एमआरआय करता येतो का? टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, तरी आधी सांगावं. इम्प्लांट किडतो का? किडत नाही, पण घासला नाही तर भोवतीची हिरडी सुजते आणि हाड पुन्हा झिजतं. वरच्या दातांची शस्त्रक्रिया केली की नजर जाते का? नाही. डोळ्यांनी पाहण्याची नस वेगळी, दातांची वेगळी. दात पडायचं आणि चष्मा लागायचं वय बहुधा एकच असतं, म्हणून बिचाऱ्या दाताच्या डॉक्टरांवर आळ येतो.

बिलाचं काय? शंका मनात ठेवण्यापेक्षा सरळ विचारा. जबड्याचा तीन बाजूंनी दिसणारा सीबीसीटी स्कॅन केला असेल तर पडद्यावर मोजपट्टी लावून हाडाची रुंदी दाखवायला सांगा. आकडा चार दिसला तर डॉक्टर खरं बोलत आहेत. खर्च टप्प्याटप्प्यानं लेखी घ्या. आणि स्क्रू कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा, याची पाकिटावरची चिठ्ठी जपून ठेवा. पंधरा वर्षांनी दात बदलायची वेळ आली तर नव्या डॉक्टरांना तीच लागते. सरकारी आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात.

इम्प्लांट करायलाच हवा, असंही नाही. शेजारचे दात आधीच कॅप घातलेले असतील तर त्यांच्यावर ब्रिज हा चांगला, जुना आणि लवकर होणारा उपाय आहे. ते दात निरोगी असतील तर मात्र दोन पोकळ जागांसाठी दोन चांगले दात कायमचे घासावे लागतात आणि ब्रिजखालचं हाड झिजत राहतं ते वेगळंच.

राहिलं लग्न. आत्ता कार्तिक चालू आहे. या महिन्यात हाड भरलं तर वैशाखात ते स्क्रूसाठी जेमतेम तयार होईल. पक्के दात दिवाळीनंतर धरा. तोवर जुने काढायचे-घालायचे दात तसेच वापरू नका, त्यांचा दाब नव्या हाडावर पडतो. मागच्या बाजूनं शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता ब्रिज करून मिळतो, दात न घासता. तो हिरडीला टेकत नाही, फोटोत ओळखू येत नाही आणि व्याह्यांशी बोलताना सुटून हातात येत नाही. मात्र तो आहे चिकटवलेलाच. पंगतीत बुंदीचा लाडू आधी हातानं फोडा आणि पेरू दिसला तर सुरी मागा.